हातोडी हरवली आणि रोमन पेटी सापडली

नोव्हेंबर १९९२. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला त्याच्या ओळखीचा एक निवृत्त माळी मेटल डिटेक्टर घेऊन आला. यंत्र वाजलं, आणि खणल्यावर हाती लागले चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी. थोडं काढून झाल्यावर तो थांबला आणि त्याने अधिकाऱ्यांना कळवलं. या कहाणीत सर्वांत मोलाचं आहे ते हे थांबणं.

पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ऐवज भोवतीच्या मातीसकट उचलून प्रयोगशाळेत नेला. ओकची पेटी जवळजवळ कुजून गेली होती, तरी आतल्या डब्यांची चांदीची इवलीशी कुलपं शिल्लक होती. एकात एक बसवलेल्या वाडग्यांमध्ये गवताचे अवशेषही मिळाले. कोणती वस्तू कुठे, कशाशेजारी ठेवली होती, हे त्यावरून जुळवता आलं.

आता प्रश्न काळाचा. नाण्यावर सम्राटाचं नाव असतं, म्हणून काम सोपं वाटतं. पण नाणं पाडल्यावर पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतं, त्यामुळे ठेव्यातलं सर्वांत उशिराचं नाणं शोधावं लागतं. इथल्या सुमारे १५ हजार नाण्यांत शेवटची होती तिसऱ्या कॉन्स्टंटाइनची, इ.स. ४०७-४०८ ची. म्हणजे ठेवा त्याआधी पुरलेला असणं शक्यच नाही. आणखी एक खूण होती. चांदीच्या बहुतेक नाण्यांच्या कडा कातरलेल्या होत्या, सम्राटाचा चेहरा मात्र जपलेला होता. रोमहून नवी नाणी येणं थांबल्यावर ब्रिटनमध्ये जुनीच नाणी कातरून वापरली जात. त्यामुळे पुरण्याचा काळ आणखी काही वर्षं पुढेही सरकू शकतो.

नाव-गाव नसलेल्या वस्तूंचं काय? बकल, बटणं, अंगठ्या यांचा घाट, जोडकाम, मिश्रधातू पाहून अंदाज बांधतात. सोनं-चांदी-तांब्यात कार्बन नसल्याने त्यांना कार्बन-१४ ची कसोटी लावता येत नाही. शेजारच्या लाकडाला, कोळशाला, गवताला लावता येते. म्हणून सापडलेली वस्तू घासूनपुसून चकचकीत करणं म्हणजे तिचा पुरावा धुऊन टाकणंच.

आपल्याकडचं उदाहरण दायमाबादचं. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना एका ग्रामस्थाला कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. एकूण वजन ६० किलोंहून जास्त. पण हे शास्त्रीय उत्खननात, मातीच्या थरांच्या नोंदीसह मिळाले नसल्याने वाद उभा राहिला. म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी त्यांना उत्तर-हडप्पा काळातलं मानलं, डी. पी. अगरवालांनी धातूतल्या एक टक्क्याहून अधिक आर्सेनिकवर बोट ठेवून ते बरेच नंतरचे असावेत असं म्हटलं. शिल्पं अप्रतिम आहेत, पण तो एक थर निसटल्याची किंमत आजही मोजावी लागते.

नांगरताना, विहीर खणताना काही लागलंच, तर ते उपसू नका, धुऊ नका. जागेवरच फोटो काढा आणि कळवा. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे.