घराचा नकाशा कसा वाचावा?

घर बांधावयास निघालेल्या कुटुंबापुढें एके दिवशीं घराचा नकाशा येतो. रेघा, आंकडे आणि बाण यांची ती दाटी पाहून पुष्कळजण “आपणांस यांतलें काय कळणार!” असें म्हणतात व खालीं सही करून मोकळे होतात. पुढें भिंती उभ्या राहिल्यावर दार कपाटावर आपटतें, अथवा खाट ठेवतांच चालावयास वाट उरत नाहीं. कागदावरची रेघ रबरानें पुसतां येते. भिंत पाडावयास पहार लागते, आणि पैसाही. म्हणून नकाशा वाचणें हें एकट्या इंजिनियरचें काम नव्हे.

अशा नकाशास इंग्रजींत ‘ब्ल्यूप्रिंट’ म्हणतात. सन १८४२ मध्यें सर जॉन हर्शेल यांनीं लोहाच्या क्षारांनीं माखलेल्या कागदावर सूर्यप्रकाशानें छाप उठविण्याची रीत शोधून काढली. प्रकाश लागे तेथें कागद निळा होई, आणि मूळ चित्राच्या रेघांखालीं तो पांढरा राही. आतां नकाशे संगणकावरून पांढऱ्या कागदावर छापतात. निळा रंग गेला, नांव तेवढें राहिलें.

नकाशा हातीं येतांच प्रथम त्याची नांवाची चौकट पाहावी. ती बहुधा खालच्या उजव्या कोपऱ्यांत असते. तींत तारीख, सुधारणेचा क्रमांक व प्रमाण दिलेलें असतें. प्रमाण १:१०० असेल तर कागदावरील १ सेंटिमीटर म्हणजे जागेवरील १ मीटर होय. मात्र कागदावर पट्टी लावून मापें काढूं नयेत. छापतांना चित्र लहानमोठें होऊं शकतें. लिहिलेला आंकडाच प्रमाण मानावा. मापें मिलिमीटरांत असल्यास ३६०० म्हणजे ३.६ मीटर.

नकाशे मुख्यतः तीन प्रकारचे असतात. घर जमिनीपासून सुमारें १.२ मीटर उंचीवर आडवें कापून वरून पाहिलें तर जें दिसेल, तो ‘प्लॅन’. बाहेर उभें राहून एक बाजू पाहावी, तें ‘एलेव्हेशन’. पपई उभी चिरावी तसें घर चिरलें असतां पाया, जिना व छत यांची उंची ज्यांत दिसते, तो ‘सेक्शन’.

प्लॅनमध्यें जाड जोडरेघ म्हणजे भिंत. पाव वर्तुळाची कमान म्हणजे दार. तें कोणत्या बाजूस व किती जागा व्यापून उघडतें, हें ती सांगते. तुळई किंवा माळा यांसारख्या डोक्यावरील वस्तू तुटक रेघांनीं दाखवितात. उत्तर दिशेचा बाणही पाहावा. कोंकणांत पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या खिडकीवर सज्जा आहे ना, हें आधींच विचारावें.

विद्यार्थीमित्रहो, एक प्रयोग करा. २.४ मीटर रुंद व ३ मीटर लांब खोली १:१०० प्रमाणानें काढा. मग १.५ सेंटिमीटर रुंद व २ सेंटिमीटर लांब कागदाची खाट कापून एका लांब भिंतीशीं ठेवा. खाटेच्या बाजूस उरले अवघे ९० सेंटिमीटर! तेथेंच ९० सेंटिमीटर रुंदीचें दार आंत उघडत असेल, तर कपाट कोठें ठेवाल?

घरीं नकाशा आला तर वडिलांच्या शेजारीं बसून दारांतून आंत शिरा. बोटानें स्वयंपाकघरापर्यंत चालत जा आणि आईला विचारा, ओटा येथें चालेल काय? सही त्यानंतर व्हावी.