नवे हेलिकॉप्टर, जुने मैदान

पळस्पे फाट्यावर मुंबईचा रस्ता दुभंगतो. एक फाटा चौक-खोपोलीवरून पुण्याला जातो, दुसरा पेण-महाडवरून गोव्याला. गणपतीच्या आधी इथे वाहनांच्या रांगा लागतात, तेव्हा कोकणात तातडीने पोहोचायचे असलेल्या मुख्यमंत्र्यापुढे हेलिकॉप्टर हाच मार्ग उरतो. म्हणून ही चैन नव्हे. पण ते कोणते घ्यायचे, कधी बदलायचे आणि उतरवायचे कुठे, हे आपल्याकडे नीट ठरत नाही.

25 मे 2017 रोजी लातूर जिल्ह्यातील निलंग्यात राज्य सरकारचे सिकोर्स्की हेलिकॉप्टर उडाले आणि लगेच कोसळले. वारा सतत दिशा बदलत होता. वैमानिकाने परत उतरायचे ठरवले आणि तेवढ्यात यंत्र विजेच्या तारांत अडकले. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासह सहाही जण वाचले, हे नशीबच. वाऱ्याइतकीच उष्णताही महत्त्वाची: तापलेली हवा विरळ असते. पाती तेवढीच फिरली तरी उचल कमी मिळते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात म्हणूनच प्रत्येक किलो वजन मोजावे लागते.

तालुक्याचा तात्पुरता हेलिपॅड कसा होतो, ते पाहा. सकाळी शाळेच्या मैदानावर फक्कीने ‘एच’ आखतात, धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारतात, एका कोपऱ्यात अग्निशमन बंब उभा राहतो. कडेला विजेचे खांब असतात. बांबूंच्या कठड्यामागे गर्दी जमते. उन्हात पाणी सुकते आणि पंख्याचा झोत बसताच तांबड्या धुळीत सगळे मैदान दिसेनासे होते.

यंत्र कधी बदलायचे, याबाबत दिल्लीची गोष्ट तर फारच लांबली. राष्ट्रपती-पंतप्रधानांसाठीची मी-8 हेलिकॉप्टरे बदलावीत, असा प्रस्ताव हवाई दलाने 1999 मध्ये मांडला. करार झाला 2010 मध्ये: 12 ऑगस्टावेस्टलँड, सुमारे 3,600 कोटी रुपये. तीन आली, मग लाचखोरीचे आरोप झाले आणि 1 जानेवारी 2014 रोजी करार रद्द झाला. योगायोग असा की याच मूळ बनावटीवर आधारलेले अमेरिकी अध्यक्षांचे हेलिकॉप्टरही 2009 मध्ये वाढत्या खर्चापायी बाद झाले होते. आपल्याकडे ती जागा मी-17 व्ही-5 ने भरून काढली. 8 डिसेंबर 2021 रोजी कुन्नूरजवळ याच जातीच्या हेलिकॉप्टरच्या अपघातात संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत गेले. म्हणजे यंत्र नवे आले की धोका संपला, असे नव्हे.

हवामानापुढे तर नवे-जुने असा भेदच नाही. जुलै 2023 मध्ये इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पळस्प्याहून चौककडे जाणाऱ्या रस्त्याने गेले की हा गड दिसतो. मदतीची हेलिकॉप्टरे खराब हवेमुळे उडू शकली नाहीत. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे चिखलातून डोंगर चढून वर गेले. त्या दिवशी न उडण्याचा निर्णयच बरोबर होता. ‘आज उडायचे नाही’ हा वैमानिकाचा शब्द कुठल्याही सभेपेक्षा, कुठल्याही उद्घाटनापेक्षा मोठा मानला पाहिजे.

निवृत्तीला आलेले यंत्र वेळेत बदला, यात दुमत नाही. पण राज्य सरकारने नवे हेलिकॉप्टर मंजूर करताना त्याच फाइलमध्ये प्रत्येक तालुक्यासाठी एक पक्का, तारांपासून दूर असलेला हेलिपॅडही मंजूर करावा. पुराच्या दिवशी तिथे मंत्र्यांच्या आधी औषधे उतरतील.