वाळूतील वाहन आणि पुढील चाकांचा कल

मोटारीचे पुढील चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष वरच्या टोकाशी किंचित मागे कललेला असतो. या कलास ‘कॅस्टर’ ही संज्ञा आहे. अक्षाची रेषा खाली वाढविल्यास ती चाकाच्या स्पर्शस्थानापुढे जमिनीस मिळते. त्यामुळे खुर्चीच्या फिरत्या चाकाप्रमाणे हे चाक मागे ओढले जाऊन आपोआप सरळ होते.

हे विवेचन कठीण रस्त्यास लागू पडते. वाळूत चाक रुतते, पुढे वाळू साचते आणि विरोधाचे केंद्र पुढे सरकते. ते अक्षरेषेच्याही पुढे गेल्यास सावरणारे बलच चाक एकाएकी वळवू पाहते.

ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात बीटलचे यंत्रभाग वापरून ‘मायर्स मँक्स’ ही वाळूगाडी घडविली. अशा गाड्यांत मागे मोठे टायर बसविल्यास पुढील भाग झुकून कॅस्टर घटतो. म्हणून पुढील आसाची खालची नळी व सांगाडा यांमध्ये पाचरी घालून तो वाढवितात. त्याने सुकाणू जड होते. परंतु इंजिन मागे असल्याने पुढील भार अल्प असतो व हा जडपणा सुसह्य ठरतो.

तथापि कॅस्टर दिशा राखतो, पकड देत नाही. हलकी पुढील चाके वाळूवर घसरू लागली, तर एकाच मागील चाकास ब्रेक लावून गाडी वळवावी लागते.