अक्षरांचा साचा

संकेतस्थळावरील अर्जात भरलेला पिनकोड योग्य आकाराचा आहे की नाही, हे पारखण्यासाठी संगणकाला ‘रेग्युलर एक्सप्रेशन’ नावाचे सूत्र देतात. त्याचे मूळ अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात आहे. भारतात १९७२ पासून रूढ असलेल्या पिनकोडाचे सूत्र असे: प्रथम १ ते ९ पैकी एक अंक, त्यानंतर कोणतेही पाच अंक. मात्र सूत्राचा शोध सहसा मजकुरात कोठूनही सुरू होतो. म्हणून आरंभ व शेवट यांच्या खुणा त्यात घालाव्या लागतात. एरवी दहा अंकी दूरध्वनी क्रमांकातही सहा अंक सापडतात आणि तो ग्राह्य ठरतो. खुणा घातल्या, तरी सूत्र केवळ रूप तपासते. त्या क्रमांकाचे टपाल कार्यालय खरोखर अस्तित्वात आहे काय, याचे उत्तर टपाल खात्याच्या यादीतच मिळते.