सातबाऱ्यावर नसलेली कुळं

बँकेच्या नोकरीत मी हजारो सातबारे चाळले. गट नंबर, क्षेत्र, आकार आणि इतर हक्कांत बहुधा आमच्याच बँकेचा बोजा. पण त्या रानात खरा राबता कुणाचा, हे कागदावर कुठंच नसे. चमचाभर सकस मातीत कोट्यवधी जिवाणू नांदतात, बुरशीचे धागे वेगळेच. पीककर्ज देताना या कुळांची चौकशी आम्ही कधी केली नाही.

१९९६च्या डिसेंबरात औसा तालुक्यात एका तुरीची पाहणी करायला गेलो होतो. शेंगा भरायच्या दिवसांत निम्मी झाडं उभ्या उभ्या वाळलेली. जमिनीत तर ओल होती. "सायब, मर लागली," शेतकरी म्हणाला. त्यानं विळ्यानं खोड उभं चिरून सालीखालची काळपट रेघ दाखवली. त्याची म्हातारी आई बांधावरून म्हणाली, "जवारीत तूर पेरायचो तवा असं नव्हतं."

मी मान डोलावली आणि अहवालात लिहिलं : मशागतीकडे दुर्लक्ष. छापील नमुन्यात 'मर' असा रकाना नव्हता, ही माझी तेव्हाची सबब. कर्जाला मुदतवाढ मिळाली नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात त्यानं बैलजोडी विकली.

मर हा फ्युजेरियम नावाच्या बुरशीचा रोग. ती मातीत वर्षानुवर्षं तग धरते, मुळांतून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्याच बुजवते. झाड ओलीत उभं राहून तहानेनं मरतं. हे सारं मी नंतर वाचलं. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत १९८०च्या दशकात प्रयोग झाले होते. ज्वारीच्या आंतरपिकात तुरीची मर कमी होते, असं त्यांत दिसलं होतं. म्हातारीचं बोलणं मी पाल्हाळ समजलो होतो!

पण मातीतली सगळीच मंडळी वैरी नव्हेत. निवृत्तीनंतर मी नांदेडला राहतो. लोह्याकडे भाच्याचं सोयाबीन आहे. एका जुलैत त्यानं रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडली. आत गुलाबी. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळचंच द्रव्य तिथं असतं. "मामा, गुलाबी म्हंजे कामावर हाय," तो म्हणाला. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. तारण नाही, जामीनदार नाही. आमच्या शाखेत असा व्यवहार मी पाहिला नाही. सोयाबीन बाहेरून आलेलं पीक, म्हणून त्याचे जिवाणू पेरणीआधी बियाण्याला चोळावे लागतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात ते मिळतात. युरियाची पोती ओतली, तर मात्र गाठी कमीच धरतात. आयतं मिळाल्यावर उसनवारी कोण करील?

गेल्या वर्षी लग्नाच्या निमित्तानं औशाकडे गेलो, तेव्हा त्या रानापाशी गाडी थांबवली. शेतकरी हयात नाही. मुलगा तुरीच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा लावून पेरतो. बुरशीवर बुरशीचाच पहारा. एका पट्ट्यात तुरीच्या ओळींशेजारी ज्वारी उभी होती.

मी त्याला त्या अहवालाचं सांगितलं. तो थोडा वेळ रानाकडे बघत राहिला.

"बापानं बैल इकले ते साल," तो म्हणाला. मग घराकडे हाक मारून त्यानं चहा सांगितला.