परतीचा पाऊस आणि आपली शेती

नवरात्र बसते. घरोघर घट बसतात. हस्त नक्षत्र लागते आणि मुली पाटावर हत्तीचे चित्र मांडून भोंडला खेळतात. याच दिवसांत शेतकऱ्याचा जीव मात्र टांगणीला लागलेला असतो. पीक हाताशी आलेले असते, पण घरात आलेले नसते. आणि दुपार झाली की आभाळ भरून येते.

हा परतीचा पाऊस. आपल्या नाशिक जिल्ह्यात तो एका शेतात दाणे भरतो आणि शेजारच्या शेतात वर्षाची मेहनत कुजवतो. असे का होते, आणि त्यात आपल्या हातात काय आहे, ते आपण पाहू.

पाऊस परत कसा जातो?

जूनमध्ये समुद्रावरून नैर्ऋत्येचे वारे येतात. ते वाफेने जड झालेले असतात. सह्याद्रीला अडून ते वर चढतात, गार होतात आणि मोकळे होतात. म्हणून इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून वारे पूर्वेला आले की त्यांच्याजवळ पाणी थोडेच उरते. येवला, नांदगाव या बाजूला जेमतेम पाचशेच्या आसपास पडतो.

सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य दक्षिणेकडे सरकतो. उत्तरेची जमीन निवू लागते. समुद्रावरच्या वाऱ्याचा जोर ओसरतो. मोसमी पाऊस प्रथम पश्चिम राजस्थानातून निघतो. त्याची सरासरी तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरीत. हवामान खात्याने २०२० साली नव्या तारखा ठरवल्या. त्यांत ती १७ सप्टेंबर झाली. १५ ऑक्टोबरच्या सुमारास तो साऱ्या देशातून जातो. म्हणजे पावसाचा मुक्काम लांबला आहे, हे खात्याच्या हिशेबातही आले आहे.

या दिवसांत ऊन कडक पडते, आणि जमीन तर ओलीच असते. चुलीवरच्या पातेल्यातून वाफ निघावी, तशी शेतातून वाफ वर जाते. वर गेल्यावर तिचे ढग होतात. म्हणून सकाळी आभाळ निरभ्र आणि संध्याकाळी गडगडाट, असा प्रकार होतो. हा पाऊस एका शिवारात धो धो पडतो आणि पलीकडच्या शिवारात थेंबही नाही. विजाही याच दिवसांत फार. ढग गरजू लागले की झाडाखाली उभे राहू नये. पक्क्या घरात जावे.

तीन शेते, तीन गती

पहिले शेत भाताचे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागात भात आणि नागली. दाणा भरत असताना एखादी सर आली तर ती हवीच असते. पण पीक पिवळे झाल्यावर जोराचा पाऊस आला की भात आडवे पडते. कापून टाकलेल्या भातावर पाणी साचले तर दाण्याला कोंब फुटतात. सोयाबीनचेही तसेच. कापलेला ढीग भिजला की शेंगेतल्या शेंगेत दाणा उगवतो, काळा पडतो. तो बाजारात कोण घेणार?

दुसरे शेत द्राक्षाचे. निफाड, दिंडोरी, नाशिक तालुक्यांत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या दिवसांत वेलींची छाटणी होते. छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात. कोवळी पाने येतात, घड दिसू लागतात. नेमका तेव्हा पाऊस आला की डाऊनी येतो. हा बुरशीचा रोग आहे. पान ओले राहिले की बुरशीचे बारीक बीजाणू त्या पाण्यात चक्क पोहतात आणि पानात शिरतात. फुलोऱ्यात पाऊस आला तर घड कुजतात, मणी गळतात. बागलाणात छाटणी फार लवकर करतात. तिथे ऑक्टोबरात मणी मोठे झालेले असतात. ते पावसाने तडकतात.

मग छाटणी उशिरा का करू नये? त्यालाही अडचण आहे. उशिराच्या बागेला थंडी गाठते आणि मण्याची फुगवण थांबते. माल तयार होतो तेव्हा बाजार भरलेला असतो, भाव पडतो. लवकर छाटावे तर पाऊस, उशिरा छाटावे तर थंडी. बागाईतदाराची ही खरी कोंडी आहे.

तिसरे शेत कांद्याचे. आपल्याकडे कांदा तीनदा येतो : पोळ, रांगडा आणि उन्हाळ. ऑक्टोबरात पोळ कांदा काढणीला येत असतो, रांगड्याची लागण चालू असते आणि उन्हाळ कांद्याचे रोप टाकायची वेळ होते. एकाच पावसात पोळ कांदा सडतो, रांगड्यावर करपा येतो आणि रोप मरते. रोप गेले की नुकसान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरते, कारण चाळीत भरायचा कांदा त्याच रोपाचा असतो.

पण हाच पाऊस हरभऱ्याला आणि शाळूला जीव देतो. जिथे विहिरीला पाणी नाही, तिथे रब्बीचे पीक या ओलीवरच उभे राहते. म्हणूनच जुनी माणसे स्वातीच्या थेंबाला मोती म्हणत. त्यांचे खरे होते. पण त्यांच्या शिवारात द्राक्षाच्या बागा नव्हत्या.

२०१९ साली काय झाले?

२०१९ साली ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस जाईना. अरबी समुद्रात आधी ‘क्यार’ आणि लगेच ‘महा’ अशी दोन चक्रीवादळे उठली. क्यार तर आपल्या किनाऱ्याला लागलेही नाही. ते ओमानच्या दिशेने गेले. तरी दिवाळीत महाराष्ट्रभर पाऊस पडला. बाजरी, मका, सोयाबीन, कांदा, द्राक्ष, सगळ्यांना फटका बसला. डिसेंबरात शहरांतून कांदा शंभर रुपये किलोच्या वर गेला. पण भाव होता तेव्हा आपल्या शेतकऱ्याजवळ माल कुठे होता? सरकारने मदत जाहीर केली : खरिपाच्या पिकाला हेक्टरी ८,००० रुपये आणि फळबागेला १८,००० रुपये, तीही दोन हेक्टरांपर्यंत. द्राक्षबागेचा एकरी खर्च लाखांत जातो. मदतीने संसार सावरतो, बाग उभी राहत नाही.

आपण काय करावे?

पाऊस थांबवणे आपल्या हाती नाही. पण चार गोष्टी आहेत.

एक. सगळे काम एका दिवसावर टांगू नये. दोन एकर सोयाबीन असेल तर जेवढे झाकता येईल तेवढेच एका वेळी कापावे. ताडपत्री आधी आणावी, विळा नंतर उचलावा. बाग मोठी असेल तर छाटणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्यातुकड्याने करावी. एक तुकडा सापडला तरी दुसरा वाचतो.

दोन. पाणी साचू देऊ नये. कांद्याचे रोप सपाट वाफ्यात न टाकता गादीवाफ्यावर टाकावे. बागेत चर मोकळे ठेवावेत. वेलीची दाटी विरळ करावी, म्हणजे वारा खेळतो आणि पान लवकर सुकते. डाऊनीवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण जुने व नावाजलेले आहे. फ्रान्समध्ये रस्त्याकडेची द्राक्षे चोरीस जाऊ नयेत म्हणून वेलींवर हे निळे पाणी शिंपडत. त्या वेलींना रोग कमी लागतो, हे एका प्राध्यापकाने हेरले आणि १८८५ साली ते जगाला सांगितले. मात्र कोणते औषध केव्हा व किती, हे कृषी खात्याच्या माणसाला विचारूनच ठरवावे.

तीन. पेरणीची घाई करू नये. पाऊस झाला की लगेच पाभर धरू नये. वाफसा येऊ द्यावा. मूठभर माती दाबून पाहावी. लाडू होऊन तो बोटाने सहज फुटला, तर वाफसा आला. चिकटून राहिला, तर थांबावे. तसेच फार दिवस थांबूही नये. ओल उडून गेली की हरभरा उगवत नाही.

चार. आता आपल्याला वाचता येते, त्याचा उपयोग करावा. हवामान खात्याचा शेतीसल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो वाचावा, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावा. घरात एक वही ठेवावी. छाटणी केव्हा केली, रोप केव्हा टाकले, पाऊस कोणत्या दिवशी आला, ते तारखेसह लिहावे. नुकसान झाले आणि पंचनाम्याला माणूस आला, तर तोंडी सांगण्यापेक्षा लिहिलेले पान बरे. शिवाय पाच वर्षांची वही झाली की आपल्याच शिवाराचा पाऊस आपल्याला कळू लागतो.

पंचांगातले नक्षत्र साऱ्या मुलखाला एकच असते. आपल्या बांधावर काय पडले, ते मात्र आपल्यालाच लिहावे लागेल.