पाडण्याआधीचे तीस दिवस

अमेरिकेत जुन्या इमारतीला कुणी हात लावत नाही, अशी एक भाबडी समजूत आपल्याकडे आढळते. तिथल्या राष्ट्रीय वारसा जतन कायद्याचं कलम १०६ वाचलं, की ती टिकत नाही. १९६६ सालचा हा कायदा पाडकामाला मनाई करतच नाही. केंद्राचा पैसा वापरणार असाल, तर आधी वारशावर काय परिणाम होईल ते पाहा, राज्याच्या वारसा अधिकाऱ्याशी आणि संबंधितांशी बोला, एवढंच तो सांगतो.

त्यामागे कारण होतं. १९४९च्या गृहनिर्माण कायद्याखाली केंद्राच्या पैशानं जुन्या वस्त्या, त्यांतही कृष्णवर्णीयांच्या, सपाट होत होत्या. (न्यूयॉर्कचं पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९६३पासून पाडलं गेलं, त्यावरून मोठा गहजब झाला, पण ते काम खासगी मालकाचं. कलम १०६ तेव्हा असतं, तरी त्याला लागू झालं नसतं.)

मला महत्त्वाचं वळण वाटतं ते १९७४चं. त्या साली केंद्रानं शहरांना एकगठ्ठा अनुदान द्यायला सुरुवात केली आणि तपासणीची जबाबदारीही शहरांवरच सोपवली. केंद्रीय अधिकाऱ्याच्या जागी सही करणार तो बहुधा महापौर. म्हणजे ज्याला घर पाडायचंय, त्यानंच ते ऐतिहासिक आहे का ते ठरवायचं! शहरानं ‘वारशाला बाध नाही’ असा निष्कर्ष पाठवला आणि राज्याच्या अधिकाऱ्यानं तीस दिवसांत हरकत घेतली नाही, तर वाट मोकळी.

चूक बहुतेकदा इथेच शिरते. कारकून राष्ट्रीय नोंदवही उघडतो, घराचं नाव सापडत नाही, तो ‘ऐतिहासिक नाही’ असं लिहितो. पण कायद्याला नोंद पुरेशी नाही. नोंदीस पात्र असलेली वास्तूही त्यात येते. कामगारांच्या साध्या लाकडी घरांची रांग एकेकटी क्षुल्लक दिसते, एकत्रितपणे मात्र पात्र ठरू शकते. एकेका घराची वेगळी फाईल केली, की रांग दिसेनाशी होते.

बाध मान्य झाला तरी घर वाचतंच असं नाही. करार होतो, छायाचित्रं काढली जातात, मोजमापं अभिलेखागारात जातात आणि बुलडोझर येतो. तरीही हा कागद मी कमी लेखणार नाही. तपासणीची फाईल नागरिकाला पाहता येते, आणि पैसा सुटण्यापूर्वी एखादी पायरी वगळल्याची तक्रार त्याला पंधरा दिवसांत थेट केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे करता येते. तिथे घर सुंदर होतं हा मुद्दा चालत नाही. पायरी चुकली हा चालतो.

उरते ती पळवाट. आधी स्वतःच्या पैशानं पाडायचं, मग मोकळ्या जागेसाठी अनुदान मागायचं. १९९२च्या दुरुस्तीनं अशा अर्जदाराला अनुदान नाकारण्याची तरतूद केली. मात्र त्यासाठी कायदा टाळण्याचा हेतू दिसावा लागतो. आणि इमारत धोकादायक होती, असं सांगणारा अभियंत्याचा दाखला प्रत्येक शहराजवळ असतो.